मांडवातला लॅपटॉप, नव्व्याण्णव टक्क्यांवर

लग्नाच्या शूटिंगला गेलं की फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात. फोटो तरी डिलीट मारता येतात, किस्से जाता जात नाहीत. कुठं चहाला बसलं की कोणीतरी म्हणणारच, "शुभांगी, तो बर्फाचा सांग ना!" सगळे पोट धरून हसतात, आणि मला मात्र तो ताप पुन्हा पहिल्यापासून चढतो. अहो, तेव्हा तिथं मी होते! तुम्ही नव्हता!

तर आमचं नांदेडला लग्नाच्या शूटिंगचं काम. मालक व्यंकटदादा. कॅमेऱ्यावर बालाजी. लाईट, वायरिंग आणि गाडी खलीलभाईंकडे. आणि मी स्टेजच्या कडेला टेबल टाकून लॅपटॉपवर. कॅमेऱ्यातलं चित्र माझ्या लॅपटॉपमधून मोठ्या एलईडी स्क्रीनवर जातं, आणि जे पाहुणे पुण्याला नाहीतर दुबईला अडकलेत त्यांच्या मोबाईलवर लाईव्ह जातं. ऐकायला लई भारी वाटतं. प्रत्यक्षात नांदेड-लातूरच्या उन्हात कापडी मांडवाखाली एका तापट मशीनची समजूत काढत बसायचं, एवढंच माझं काम.

लॅपटॉपला पूर्ण जोर द्या, तो तापतो. स्क्रीनच्या बुडाशी एक पत्र्याची पट्टी आहे ना, ती तर तव्यासारखी होते, माझ्या बोटांना किती चटके बसलेत विचारू नका. तापू द्यायचा नाही म्हणून सेटिंग खाली आणलं, की हा हळू होतो आणि चित्र अडकायला लागतं. वायर निघाली तर बॅटरी वाचवायच्या नादात स्वतःहून अंग चोरतो. जोर, गारवा आणि बॅटरी, तिन्ही एकदम मिळत नाहीत. हे मी व्यंकटदादांना सांगून सांगून थकले. ते म्हणतात, "मला तिन्ही पाहिजेत. गिऱ्हाइकाला काय सांगू मी?"

आणि ह्या सीझनला तर जिवाला वेगळाच घोर होता. शेवटचं लग्न किल्लारीला, दादांच्याच भाचीचं, स्वातीचं. तिला एकच भाऊ, अमोल, फौजेत. वर कुठंतरी बर्फाच्या डोंगरात पोस्टिंग, सुट्टी मिळेना. आता होमाच्या वेळी नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. चुलतभाऊ एका पायावर तयार होते, पण स्वाती हटून बसली. "लहानपणापासून माझेच कान पिळलेत त्यानं. एकदा नवऱ्याचा पिळताना बघायचाय मला. न्हाईतर मी होमापाशी बसणारच न्हाई!"

दादांनी आपल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, शब्द देऊन टाकला की अमोल माझ्या लॅपटॉपवर लाईव्ह येईल आणि तिथूनच कान पिळेल. मला न विचारता! मला फक्त येऊन सांगितलं, "शुभांगी, किल्लारीत ह्यो बंद पडला तर मी अक्काला तोंड दाखवू शकणार न्हाई. आणि तू मला दाखवू नको."

* * *

सीझनची सुरुवात झाली माहूरला, ऐन थंडीत. डोंगरावरची सकाळ, हळदीचा कार्यक्रम, बोटं कीबोर्डवर वळेनात. लॅपटॉप पूर्ण जोरात होता, म्हणून त्याच्या कडेनं गरम हवा येत होती. नवरदेवाच्या आजी फिरत फिरत टेबलापाशी आल्या, हात पुढं केला, आणि खुर्ची ओढून बसल्याच.

थोड्या वेळानं दुसऱ्या आजी. मग तिसऱ्या. शाली पांघरून सगळ्या माझ्या लॅपटॉपभोवती हात शेकत बसलेल्या, आणि गप्पा चालू, कोणाच्या सुनेला काय येतं न् काय येत नाही. मी म्हटलं, "आजी, जरा सरकता का? त्याला हवा लागती हो."

"अगं, त्योच आम्हाला हवा देऊन राहिलाय की!"

आता ह्यांना काय समजवायचं? मी गुपचूप सेटिंग खाली आणलं. पंखा मंदावला, हवा गार झाली. आजींनी हात मागं घेतला, लॅपटॉपला खालून वरून बघितलं आणि माझ्यावर डाफरल्या, "ए बाई, इझली की गं तुझी शेगडी! घाल की कायतरी त्यात!"

दादा पळत आले. मला वाटलं माझी बाजू घेतील. "शुभांगी, नवरदेवाच्या आजी हायत त्या. कर मोठी!"

हळद संपेस्तोवर मी लॅपटॉप पूर्ण जोरावर ठेवून आज्या शेकत बसले.

* * *

मग नांदेडच्या एका मंगल कार्यालयात. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, नवरीनं हार उचलला. आणि नेमक्या त्या क्षणाला एक मावशी माझ्या टेबलाखाली वाकल्या, लॅपटॉपची पिन उपटली आणि स्वतःचा मोबाईल लावला.

लॅपटॉप बॅटरीवर आला. अंग चोरलं. चित्र अडकलं. एलईडीवर नवरी दोन्ही हातात हार धरून उभी, आणि हलेचना!

स्टेजसमोर नवरदेवाच्या मित्रांची भिंत. मागच्या पाहुण्यांना स्टेज दिसतच नव्हतं, त्यांचा सगळा भरवसा स्क्रीनवर. आधी कुजबुज झाली, मग खुर्च्या सरकल्या. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पोरगी हार घालीना की!" बास! नवरदेवाचे चुलते गर्दी फाडत पुढं आले, मिशा थरथरून राहिलेल्या. "मनात नव्हतं तर आधी सांगायचं होतं! एवढा गाव गोळा कामून केला?"

तोपर्यंत हार घालून झाला होता आणि नवरी पेढा खात होती. चुलत्यांना बघून तिला ठसका लागला.

मी टेबलाखालून तो मोबाईल काढला आणि मावशींना म्हटलं, "मावशी, विचारायचं तरी होतं!"

"अगं, माझी दोनच टक्के राहिली होती. तुझ्यात बहात्तर होती, मी बघूनच काढली."

त्या दिवशी मी सेटिंग बदललं. वायर निघाली तरी अंग चोरायचं नाही, जोर तेवढाच ठेवायचा. त्यानं जुनी बॅटरी बघता बघता रिकामी होते, ते वेगळंच. पण दादांना हायसं वाटलं. "म्हणजे किल्लारीत कोण्या मावशीनं उपटली तरी अमोल हालत राहील ना?"

"राहील," मी म्हटलं. "थोडा वेळ."

* * *

दादांना एकदा हुक्की आली आणि त्यांनी स्वतः सेटिंग उघडलं. मी चहा आणायला गेले होते, तेवढ्यात.

"इथं 'बेस्ट परफॉर्मन्स' लिहिलंय. मग तू मधल्यावर कामून ठेवलंय? आपण गिऱ्हाइकाला मधलं देतो का?" त्यांनी सगळ्या दांड्या शेवटपर्यंत ओढल्या. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो, तेही त्यांना खटकलं. "कामाच्या टायमाला झोपतो म्हणजे काय?" तेही बंद केलं. मला एका शब्दानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला निघालो. मी झाकण लावलं, लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग बालाजीच्या मांडीवर दिली. नांदेड सोडून बराच वेळ झाला असेल. बालाजी पांढराफटक पडून हळूच म्हणाला, "ताई, ह्या बॅगेत काहीतरी जितं हाय."

"काय बोलतोस?"

"आईशप्पथ! अंग गरम लागून राहिलंय. आन् श्वास घेतंय!"

खलीलभाईंनी करकचून ब्रेक मारला. "सांप है क्या?" सगळे गाडीतून बाहेर. बालाजीनं बॅग रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. मी बॅग उघडायला पुढं झाले तर दादांनी मला हाताला धरून मागं ओढलं आणि ट्रायपॉडची काठी घेऊन स्वतः दबकत दबकत पुढं सरकले. मागून एसटी आली, ती थांबली. पाहुणचार असल्यासारखे सगळे प्रवासी खाली उतरले. कोणी दगड उचलला, कोणी म्हणालं, शेपटीकडून धरा.

दादांनी काठीच्या टोकानं चेन उघडली. आत लॅपटॉप, पूर्ण जोरात चालू, पंखा घरघरतोय, आणि वर ठेवलेला माझा डबा फोडणी दिल्यासारखा गरम.

कंडक्टरनं मान लांब करून विचारलं, "काय निघालं हो?"

दादांनी काठी खाली टाकली. "बेस्ट परफॉर्मन्स."

* * *

त्याच लातूरच्या लग्नातला तो बर्फाचा किस्सा. एवढा वेळ तापलेला लॅपटॉप, वर दुपारचा मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली तसा पंखा असा काही ओरडायला लागला की माईकमधून मंगलाष्टकं कमी आणि घरघर जास्त. गुरुजी एका ओळीवर थांबले. पूर्ण मांडव माझ्याकडं बघतोय. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई, आधी तुमचं विमान उतरवा. मग मी पुढचं म्हणतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पंखा शांत मोडवर टाकला. पंखा शांत, पण आतली गरमी आतच. थोड्या वेळात पत्र्याची पट्टी अशी तापली की हात लावू देईना. मी खलीलभाईंना म्हटलं, काहीतरी करा, आता हा पडणार.

खलीलभाई गेले आणि परातभर बर्फ घेऊन आले. वर पाट, पाटावर लॅपटॉप. काय सांगू, असा गार झाला! माझा तर जीव भांड्यात पडला. चित्र झुळझुळ, पंखा गप, गुरुजी खूश.

बर्फ कुठून आणला, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पंगत बसली तेव्हा कळलं. नवरदेवाच्या वडिलांनी मठ्ठ्याचा पहिला घोट घेतला आणि वाटी ताटात आपटली. गरम मठ्ठा! आचाऱ्याला बोलावलं. आचारी म्हणाला, बर्फ स्टेजवर गेला. सगळी वरात उठून माझ्या टेबलापाशी आली, आणि बघते तर पाटाखाली बर्फाची परात आणि वर लॅपटॉप आरामात बसलेला.

व्याही कडाडले, "मठ्ठा गरम, लॅपटॉप गार! मान कोणाचा हाय इथं? व्याह्याचा का कॉम्प्युटरचा?"

त्यांची समजूत काढायला दादांना त्यांच्या पाया पडावं लागलं. नांदेड आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "किल्लारीत मठ्ठा ठेवायचाच न्हाई."

* * *

तरी ह्याच्या तापण्याचं खरं कारण लातूरजवळच्या मुरुडच्या लग्नानंतर कळलं. तिथं मंगलाष्टकं चालू असताना पंख्यातून कडकड आवाज यायला लागला आणि थोड्या वेळानं लॅपटॉप बंद! नशीब, तोवर हार झाले होते. लातूरच्या दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ताई, लग्नात असता का तुम्ही?"

आमच्याकडं अक्षता तांदळाच्या असतात तशा ज्वारीच्याही असतात. स्टेजच्या कडेला बसल्यामुळं निम्म्या नवरानवरीवर आणि निम्म्या माझ्यावर. तांदूळ जाळीत अडकतो. ज्वारी गोल, ती थेट पंख्यात! दुरुस्तीवाल्यानं पेपर पसरला आणि चिमट्यानं एकेक दाणा काढत बसला. पिवळे, लाल, केशरी. हे नांदेडचं, हे माहूरचं, मला रंगावरून लग्न ओळखू यायला लागलं. शेवटी त्यानं पेपर उचलून मला ढीग दाखवला.

"घेऊन जाता का? एक भाकरी होईल."

मी सेटिंगमध्ये किती डोकं घालवलं होतं! आणि आत धान्य!

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, लॅपटॉपला वरून घालायला जाळीच्या लाल कापडाची झूल शिवली. आणि दुसरी, सेटिंगमध्ये आत खोल जाऊन प्रोसेसरला शंभराऐवजी नव्व्याण्णव टक्क्यांवर बांधला. तुम्हाला खोटं वाटेल, पण शंभराला जो भट्टीसारखा तापतो, तो नव्व्याण्णवला शहाण्यासारखा वागतो. तो वरचा एक टक्का मिळवायलाच हा जीव काढत असतो. चित्र थोडं कमी गुळगुळीत, पण चालतं.

हे दादांना कौतुकानं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आपण गिऱ्हाइकाला एक टक्का कमी देऊन राहिलो?"

"दादा, कोणाला कळत पण नाही!"

"मला कळलं ना आता." जेवतानाही मधेच थांबून म्हणायचे, "तो एक टक्का वाईट वाटतो गं."

* * *

झुलीचा तर वेगळाच तमाशा. लातूरलाच एका लग्नात मी झूल घालून जेवायला गेले. येऊन बघते तर टेबलासमोर बायकांची रांग! झुलीवर हळद-कुंकू, पुढं नारळ, सुपाऱ्या, आणि पंख्याच्या तोंडाशी अगरबत्ती. धूर सरळ आत चाललेला! बाजूला खलीलभाई खुर्ची टाकून बसलेले.

"खलीलभाई! अडवलं कामून नाही?"

"मैं कैसा रोकूं ताई? एक अम्मा पूछी, ये कौन सा देव है. मैं बोला, लाईट का. नाराज हुआ तो अंधेरा. तब से लाईन लगी."

मी फणफणत अगरबत्ती काढली, नारळ बाजूला केला. रांगेतल्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच पाप करून राहिले. दादा आले. आता तरी माझ्या बाजूनं बोलतील म्हटलं. त्यांनी चपला काढल्या, झुलीपुढं हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाले, "किल्लारीपर्यंत चालू दे रे बाबा."

* * *

आणि मग किल्लारी.

मे महिना, रणरणतं ऊन. दादा मामा म्हणून फेटा बांधलेले, म्हणजे त्या दिवशी आम्हाला मालकच नव्हता. अक्का दर थोड्या वेळानं टेबलापाशी यायच्या. "शुभांगी, लागंल का गं?" मी म्हणायची, "लागंल, अक्का." बॅटरी रात्रीच भरलेली, प्रोसेसर नव्व्याण्णववर, झूल घातलेली, पिन खलीलभाईंनी चिकटपट्टीनं अशी बांधलेली की जगातली कोणतीच मावशी ती उपटू शकली नसती. गुरुजी कोण, तर लातूरचेच, विमानवाले! त्यांनी मला ओळखलं आणि लांबूनच हात जोडले.

होम पेटला. नवरदेवाच्या चुलत्यांना उकडायला लागलं. त्यांना होमापाशी दोन कूलर पाहिजेत. खलीलभाई म्हणाले, "बोर्ड पे लोड नहीं लेता, मैं बोला ना." चुलते रुसले. "आमच्या माणसांनी घामानं मरायचं का?" दादांनी फेटा सावरत हात जोडले, "लावा लावा, पाव्हण्यांना काही कमी पडायला नको." मी ओरडत राहिले, कोणी ऐकलं नाही. माझं कधी कोणी ऐकलंय?

कूलर सुरू झाले आणि इकडं अमोलचा कॉल लागला. एलईडीवर पूर्ण मांडवाएवढा अमोल. कानटोपी, फुटलेले ओठ, मागं पांढरंशुभ्र. मांडवात टाळ्या. अक्कांनी पदर तोंडाला लावला. स्वाती मुंडावळ्या सावरत हसली आणि तिच्या डोळ्यात पाणीही आलं.

"मायला, केवढी मोठी दिसून राहिलीस!" अमोल म्हणाला.

आणि ठप्प! बोर्डातून धूर, वायर जळल्याचा वास. एलईडी काळा, माईक बंद, कूलर बंद.

फक्त माझ्या लॅपटॉपवर, एवढुसा अमोल. "हॅलो? दिसतंय का? शुभांगीताई, साहेबांनी थोडाच टाईम दिलाय!"

कोणी म्हणालं, फोनवर घ्या. अमोल ओरडला, "कट करू नका! परत लागायचं न्हाई!"

मी लॅपटॉप उचलला आणि होमाकडं पळाले. सकाळपासून लाईट जात-येत होती, बॅटरी अकराच टक्के उरली होती, आणि एवढं खाली गेलं की हा माझं कोणतंच सेटिंग ऐकत नाही, आपोआप बचतीवर जातो. स्क्रीन अंधारी झाली. अमोलनं कान पिळायला हात वर केला आणि तिथंच अडकला.

स्वाती रडकुंडीला आली. "ताई, हलंना की त्यो!"

अक्का दादांकडं बघून राहिल्या होत्या. दादा माझ्याकडं. फेटा एका कानावर आलेला.

मी खाली बसले आणि बचत बंद केली. उजेड पूर्ण केला. बेस्ट परफॉर्मन्सवर ओढलं. आणि आत खोल जाऊन तो नव्व्याण्णवचा आकडा पुसून टाकला.

"किती केलं?" दादांनी विचारलं.

"शंभर."

पंखा असा गरजला की होमातली राख उडाली. मी घाबरून गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "उडू द्या हो आज!"

आणि अमोल हलला! स्वच्छ, सरळ, बोलतोय तसा दिसतोय. "दाजी, कान आणा इकडं!" नवरदेव बिचारा शहाणा मुलगा, लाजत लाजत लॅपटॉपकडं वाकला. अमोलनं कॅमेऱ्यापुढं चिमूट धरली, ती स्क्रीनच्या बुडाशी आली. "अजून खाली, दाजी. अजून! तिथं न्हाई, बोटात द्या!" नवरदेव अवघडला, तर स्वातीनं त्याचं मुंडकं धरलं आणि दाबलं. थेट त्या पत्र्याच्या पट्टीवर!

मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत अमोलनं चिमूट पिळली.

"आई गं! मेलो!"

नवरदेव टुणकन उडाला. कान धरून होमाभोवती नाचतोय, मुंडावळ्या एकीकडं, फेटा एकीकडं. कान लालबुंद! स्वाती आधी त्याच्याकडं बघत राहिली, मग भावाकडं, आणि मग अशी हसत सुटली की तिला शालू सावरेना.

स्क्रीनवर अमोल स्वतःची दोन बोटं उलटीसुलटी करून बघत होता.

"लई लागलं का हो, दाजी?" त्यानं विचारलं, आणि लॅपटॉप बंद पडला.

नवरदेवाचे वडील घाईघाईनं पुढं आले. भावाच्या मानाचं कापड त्यांनी बंद पडलेल्या लॅपटॉपवर ठेवलं, वर श्रीफळ ठेवलं, आणि दोन पावलं मागं सरकले. नवरदेवाच्या आजीनं नातवाचा कान उजेडाकडं करून नीट बघितला, मग आपल्या सुनेला बाजूला ओढलं.

"नव्या सुनेला जपून वाग बाई," त्या म्हणाल्या. "ह्यो तिथून एवढा पिळतो, सुट्टीवर आला म्हणजे काय करील!"